पाणमांजरासाठी कोण बसलं

२ जून

प्रिय ताई,

पत्रास कारण की कारण काहीही नाही. मी ठीक आहे, दुकान ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच कुरकुरतो असं डॉक्टर म्हणतात. (ते डोळ्यांचे डॉक्टर, त्यामुळे गुडघ्याबद्दलचं त्यांचं मत मी मनावर घेत नाही.) तू, दादा आणि वहिनी मजेत असाल. असणारच.

तू म्हणशील, फोन सोडून हिला पत्र लिहायचं कुठून सुचलं. अगं, हल्ली तुमच्याकडे फोन केला की वहिनी उचलते. 'अय्या, तुम्ही!' असं इतक्या गोड आवाजात म्हणते की बोलणाऱ्यालाच आपण कुणीतरी मोठे असल्यासारखं वाटावं. मग ती गुडघा विचारते, दुकान विचारते, आणि तिला सगळं सांगून झालं की तुझ्यासाठी माझ्याकडे काही उरतच नाही. शेवटी विचारते, 'ताई चित्र काढतायत, उठवू का?' आता यावर मी काय 'उठवा' म्हणू? म्हणून पत्र. ते तरी तुझ्याच हातात पडेल.

तुझं नवं पुस्तक मिळालं. पाण्याचा हिरवा रंग फार छान उतरलाय. पाणमांजर पाठीवर पडून पोटावर शिंपला फोडतं, ते पान मी कितीदा पाहिलं असेल. दुकानातल्या मुलांच्या बाकड्यावर ठेवलंय. तुला माहीतच आहे, आत डॉक्टर डोळ्यांत थेंब घालतात, बाहेर पोरं भोकाड पसरतात, आणि मी चष्म्यांच्या फ्रेमा बाजूला सारून तुझी पुस्तकं उघडते. एका ओळीला चार टाळ्या, आपली लहानपणची मोजणी. रडणारं पोर तिसऱ्या टाळीला गप्प होतं आणि चौथी स्वतः वाजवतं.

पाणमांजर पाण्यात गेलं,
पाठीवरती झोपून आलं,
पोटावरती ताट मांडून
शिंपला फोडून जेवण केलं.

कुठं अडत नाही, कुठं सांडत नाही. ही तूच, दुसरं कुणी नव्हे.

पण अकराव्या पानावर पोरं अडखळतात. 'शेपटी झटकून वळून पाहिलं, काठावरती तर कुणीसुद्धा नव्हतं.' टाळ्या वाजवत म्हणून बघ. पाचवी टाळी कुठं टाकायची? 'काठावरती कुणीच नव्हतं' एवढं पुरलं असतं. जाऊ दे. पुस्तक छापून झालं, आता माझं बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं. याआधीच्या एकाही पुस्तकात असं झालं नव्हतं. का झालं नव्हतं ते तू आठव, मी सांगणार नाही.

आणि ते शेवटचं पान. सगळ्या पुस्तकांत असतं तसं, 'या पुस्तकासाठी बसले'. तू जनावर बघून जनावर काढत नाहीस, माणूस बघून काढतेस, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी त्या उंच स्टुलावर माणसाला बसवायचं, हातात काहीतरी खायला द्यायचं, आणि खाता खाता तो स्वतःला विसरला की त्याच्यातलं जनावर अलगद बाहेर काढायचं. मामा उंट झाले. आत्या मगर झाली आणि सोसायटीभर पुस्तक दाखवत फिरली. दादा अस्वल, तेही झोपलेलं. पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस, ताई, पंखा दुरुस्त करायला आलेला, तो माकड झाला! आणि आता 'पाणमांजर: माझी भावजय.' घरात येऊन तिला अजून वर्षही झालेलं नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

मी तक्रार करत नाहीये. मी फक्त वाचून दाखवतेय.

एक गंमत सांगायची राहिली. इथं एक मुलगी नेहमी येते. तिचा एक डोळा आळशी आहे, म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावलंय. मी तिला पट्टीवाली म्हणते. ती विचारत होती, 'पुस्तकवाल्या बाईंची बहीण तुम्हीच ना? मग यातलं तुम्ही कोण?' काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

दादाला म्हणावं, रक्तदाबाची गोळी विसरू नकोस. वहिनी आठवण करत असेलच म्हणा.

तुझी,
मामांच्या उंटापासून वहिनीच्या पाणमांजरापर्यंत कुठंही नसलेली,
धाकटी


१९ जून

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून हे दुसरं. की आलं नाही याचा अर्थ वहिनीनं तुला सगळं सांगितलंय? सांगितलं असेल तर माझ्याकडूनही ऐक, आणि सांगितलं नसेल तर मग मी तिला काय म्हणावं तेच मला कळत नाही.

त्या पट्टीवालीला मी 'काहीतरी' सांगितलं होतं ना, ते असं: पाणमांजर म्हणजे मी. सहज तोंडातून निघून गेलं. तिला अजून नीट वाचता येत नाही. ती शेवटच्या पानावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत 'भावजय' इथवर पोचली आणि म्हणाली, भावजय म्हणजे काय? मी म्हटलं, लाडकी बहीण. हो, म्हटलं मी. हसायचं असेल तर हस.

त्यानंतर तिनं दुकानातल्या प्रत्येक पोराला ते सांगितलं. पोरं यायची, पुस्तकातल्या चित्राकडे बघायची, माझ्याकडे बघायची. एकानं शेपटी विचारली. मी म्हटलं, घरी ठेवून येते. ताई, खोटं का होईना, पण मला फार बरं वाटायचं. घरी आरशात बघून मी नाकही फुगवून पाहिलं.

आणि शनिवारी सकाळी दारात वहिनी उभी. जवळचं वाचायचा चष्मा करायचाय, 'हे म्हणाले, आपलं दुकान असताना दुसरीकडे कशाला,' असं म्हणत आत आली, बाकड्यावर त्या मुलीशेजारीच टेकली, आणि समोर तेच पुस्तक. पुढचं तुला सांगायला नकोच. पट्टीवालीनं आपली छाती फुगवून तिला सांगितलं, 'या काकू आहेत ना, त्या पाणमांजर आहेत. मागं लिहिलंय, भावजय. म्हणजे लाडकी बहीण.'

वहिनीनं पुस्तक उलटं केलं. शेवटचं पान वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी हातातली फ्रेम पुसत होते, ती पुसून पुसून झिजेल की काय असं झालं. कान तापले होते. तिनं नुसतं 'अय्या' म्हटलं असतं तरी मी त्या काउंटरखाली जाऊन बसले असते.

ती त्या मुलीला म्हणाली, 'हो ना, याच त्या. बघ, नाक कसं अगदी तस्सं आहे.'

आणि मुलीनं बघितलं आणि मान हलवली.

तुला वाटेल मी विरघळले. मी नाही विरघळले. मला आणखीच राग आला. स्वतःचं पाणमांजर तिनं असं उचलून देऊन टाकलं, जसं बसमध्ये उठून जागा द्यावी! एवढी वर्षं मी ज्याची वाट बघतेय ते तिच्याकडे देऊन टाकण्याइतकं आहे. आणि वर चांगुलपणातही बाजी तिचीच. मत्सर करावा तर माणूस निदान वाईट तरी असावं, ताई. ही सोयसुद्धा तिनं ठेवली नाही.

मग मी तिला फ्रेमा घालून दाखवल्या. नाकाचं माप घ्यायला जवळ जावं लागलं. रोज पंचवीस नाकं बघणारी मी, त्यामुळे खोटं बोलणार नाही. नाक तिचंच आहे. तू काढलंयस ते, ओठांच्या वरचा तो मऊ फुगवटासुद्धा, तिचंच आहे. माझं नाक त्याच्या जवळपासही जात नाही.

जवळचं वाचून बघायला मी तिच्या हातात काय द्यावं? तेच पुस्तक होतं समोर. ती वाचायला लागली. छान वाचते. अकराव्या पानावर आली आणि अडखळली. नवा नंबर लागला नसेल म्हणून मी काच बदलली. परत तिथंच अडखळली. मग चष्मा काढून हळूच म्हणाली, 'इथं माझी जीभ नेहमी अडते. ताईंनी रविवारी वाचून दाखवलं ना, तेव्हाच वाटलं होतं. पण मी नवी. त्यात त्या वाचून झालं की अशा आशेनं बघतात. मी आपलं छान म्हटलं.'

रविवारी.

मी तिला चष्मा कधी मिळेल ते सांगितलं, पावती दिली, ती रस्ता ओलांडेपर्यंत दारात उभी राहिले. मग आत जाऊन डॉक्टरांना म्हटलं, डोळ्यांत काहीतरी गेलंय. त्यांनी दिवा लावून पाहिलं आणि म्हणाले, काही नाहीये. त्यांना काय दिसणार.

रविवार माझा होता, ताई. नवी कविता झाली की रविवारी जेवणं आटोपल्यावर तुझा फोन यायचा. 'ऐक' म्हणायचीस. मी फोन खांद्यात धरून टाळ्या वाजवायचे, आणि टाळी चुकली की तू पलीकडे उसासा टाकायचीस. उंटाच्या वेळी आपण पाऊण तास 'मान' आणि 'सामान' यांवरून भांडलो होतो. मगरीची शेवटची ओळ मी अमान्य केली तेव्हा तू फोनच आपटलास, आणि पुढच्या रविवारी नवी ओळ घेऊन आलीस. पाणमांजराचं मात्र मला पोस्टमनकडून कळलं. छापून, शिवून, किंमत घालून. मी दर रविवारी फोनजवळ बसत होते आणि मला वाटत होतं, या वर्षी ताईला काही सुचत नाहीये बिचारीला.

'काठावरती कुणीच नव्हतं' ही ओळ मी तुला सुधारून दिली खरी. पण काठावर कुणीतरी होतं. तू वळून पाहिलं नाहीस.

मला चित्र नको. कुठल्याही जनावरात मला बसवू नकोस. एवढंच सांग, माझं ऐकणं तुला कधीपासून नकोसं झालं?

तुझी,
धाकटी


११ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि ते पार्सल दोन्ही मिळालं. लगेच लिहिणार नव्हते. काही दिवस तुझ्यावर मनसोक्त चिडले, मग आणखी काही दिवस, तू खरं बोललीस म्हणून चिडले. आता लिहितेय.

तू लिहिलंस, 'तुझं ऐकणं नकोसं झालं नाही. मला तुझी भीती वाटायला लागली. हल्ली एकेक ओळ सुचायला फार वेळ लागतो. ती तुझ्यापुढे धरायची आणि तू टाळी वाजवून म्हणणार, लंगडते. वाटलं, एकदा तरी कुणी नुसतं छान म्हणावं.'

हे वाचून मला कसं वाटलं असेल? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कारण यात तुझी चूक काढायला जागाच नाही, आणि मला तर चूक काढल्याशिवाय काही वाचताच येत नाही. मी आठवत बसले की मी तुला 'छान' कधी म्हटलं होतं. म्हणायचे गं. मनात म्हणायचे, फोन ठेवल्यावर. पोरांना वाचून दाखवताना तर प्रत्येक पानाला म्हणते. पण ते तुला ऐकू यावं अशी व्यवस्था मी कधी केली नाही, हे खरं.

आणि चित्राबद्दल तू लिहिलंस की मला स्टुलावर बसवणं तुला कधी जमलंच नाही. मी बसले की खायचं सोडून मान वळवून तुझ्या कागदात बघायचे आणि नाक चुकलंय म्हणायचे. हेही खोटं नाही. उंटाच्या वेळी मामांच्या पाठीमागं उभी राहून मी मामांचीच मान सरळ करत होते.

आता पार्सल. कागद उलगडला आणि बघते तर साळिंदर! मी दुकानातच 'अगं बाई' म्हणून ओरडले. एक गिऱ्हाईक दचकून आरशावर आपटलं. वहिनी पाण्यावर तरंगणार, मऊ केसांची, गोड नाकाची, आणि मी काट्यांची टोपली! ताई, तुझ्याजवळ हरिणं होती, ससे होते, निदान एखादी बरी कोंबडी तरी. एवढी वर्षं रांगेत उभी राहिले आणि खिडकीशी पोचल्यावर हातात काय पडलं, तर काटे. मी ते चित्र पुन्हा गुंडाळून चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांमागं ठेवून दिलं. तुला परत पाठवून देणार होते. मागं लिहिणारही होते, 'नाक चुकलंय.'

ते बाहेर आलं पट्टीवालीमुळे. तिची पट्टी आता दिवसातून थोडाच वेळ असते, बाकी वेळ दोन्ही डोळे उघडे आणि दोन्ही भलत्या ठिकाणी. डब्यांमागचा कागद तिला दिसला. तिनं तो बाकड्यावर पसरला, चारी कोपऱ्यांवर चष्म्याचे डबे ठेवले, आणि म्हणाली, 'काकू, या तर तुम्ही.'

मी विचारलं, कशावरून गं? काट्यांवरून?

'काटे कुठं?' ती म्हणाली. 'टाळी वाजवतेय ना.'

तेव्हा मी नीट पाहिलं. मी आत्तापर्यंत नुसती पाठ बघत होते. पुढं ते साळिंदर मांडी घालून बसलंय, डोळे गच्च मिटलेले, आणि दोन्ही पंजे छातीसमोर उघडून थांबलेत. तिसरी टाळी झालीय आणि चौथी यायचीय, तशी. ताई, फोनवर मी कशी दिसते ते तुला दिसत नाही. म्हणजे हे तू आपल्या लहानपणच्या खोलीतून आणलंस. तू तुझ्या पलंगावर वही धरून, आणि मी समोरच्या पलंगावर डोळे मिटून. दिवा बंद करा म्हणून आई बाहेरून ओरडायची आणि आपण टाळ्या हळू करायचो.

स्टुलावर न बसवता काढलंयस, आणि नाक बरोबर आहे. मी मोजून पाहिलं.

मग तिनं साहजिकच विचारलं, 'तुम्ही ही, तर मग पाणमांजर कोण?' हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, 'पाणमांजर माझी वहिनी. त्या दिवशी चष्म्याला आल्या होत्या ना, त्या. आणि भावजय म्हणजे भावाची बायको. मी तुला चुकीचं सांगितलं.' तिनं माझं नाक न्याहाळलं. मग म्हणाली, 'त्यांचं नाक जास्त शोभतं.' पोरांना दयामाया म्हणून काही नसते.

वहिनीचा चष्मा तयार आहे. पोस्टानं पाठवत नाही, तिनं येऊन घालून बघितला पाहिजे, कानामागं काडी टोचते का ते बघावं लागतं. तिला चहा पाजीन. पण माझा मत्सर गेला अशा भ्रमात राहू नकोस. गेला नाही, जायचाही नाही. ती तुझ्या शेजारच्या खोलीत असते, रंगांच्या बाटल्या धुते, ओला कागद वाळत घालते, आणि मी इथं लोकांच्या नाकांची मापं घेते. फक्त आता तिच्यावरून माझ्या पोटात दुखतं तेव्हा मला ते तिला सांगावंसं वाटतं, आणि ती ऐकून घेईल असंही वाटतं. बघ, काय दिवस आलेत.

आता कामाचं बोलू. तू चित्राखाली तीन ओळी लिहून चौथी रिकामी सोडलीयस. पुढं कंसात लिहिलंयस, 'वहिनी म्हणते, "माझ्याजवळ कुणीतरी या ना बाई आता". तुला काय वाटतं?' तिला सांग, मनाला भिडलं, पण पाच टाळ्या होतात. आणि हो, माझ्याआधी तू तिला विचारलंस हे मला कळलंय. सोडून देते. चौथी ओळ मी खाली घालून पाठवतेय. बाकड्यावरच्या पोरांकडून टाळ्या वाजवून घेतल्यात.

साळू आली खुळखुळ काटे,
सगळे पळाले आडवाटे,
साळू म्हणाली, 'थांबा की हो,
पुढून या ना, मागे काटे!'

पहिल्या तीन ओळी छान आहेत. छान, ताई. कुठं लंगडत नाहीत, आणि लंगडल्या असत्या तरी आज मी आधी छान म्हटलं असतं, मग लंगडतात म्हटलं असतं.

शेवटच्या पानावर माझ्या नावापुढे 'बसली' लिहू नकोस, मी कधी बसले नाही. 'ऐकत होती' असं लिही.

रविवारी जेवणं आटोपली की फोनजवळ आहे.

तुझी,
साळू